पंप मारून दिलेली टेस्ट

शालूच्या बाबा,

तुमी गेले अन् जातांना तुमची अक्कल भावाले देऊन गेले. नाही तं मले कागद घेऊन बसायची काय गरज व्हती? चौथी शिकलेली बाई मी. पण सुदाम भाऊजी माह्यं ऐकत नाहीत, तुमचंच ऐकतात.

त्याइले आता तुमच्यासारखाच दम लागून राह्यला. फौजेतून आले तवा सोयाबीनचं पोतं पाठीवर नेत. आता विहिरीपासून घरापर्यंत दोनदा टेकतात. अन् गाव तेच म्हणते जे तुमाले म्हणे, "पेन्शन खाऊन फौजी सुस्त झाला."

सोमवारी अकोल्याले त्याइची फुकायची टेस्ट हाय. तुमची झालती तीच. नाकाले चिमटा, तोंडात नळी, अन् ती मशीनवाली पोरगी म्हणे, "फुका बाबा, अजून फुका." तुमी असं फुकलं की डॉक्टर म्हणे, फुप्फुस तं चांगलं हाय, मंग दम कायचा लागते ते समजत नाही.

परततांना आपल्या तालुक्याच्या मालेगावच्या स्टँडवर चहा पेतांना तुमी हासून सांगतलं, "सकाळी दम्याचा पंप मारून गेलतो, दोनदा. मेडिकलमध्ये फौजी फेल होत नसते."

"तिथं काय भरती चालू व्हती?" मी म्हटलं.

डॉक्टरनं बजावलं व्हतं ना, त्या दिवशी पंप मारू नका म्हणून? मंग काहून मारला? पंपानं छाती घडीभर मोकळी झाली अन् मशीनले रोग दिसलाच नाही. उद्या परत जाऊ म्हटलं तं तुमी गावाकडच्या जऊळक्याच्या जीपमध्ये जाऊन बसले. पुन्हा दवाखान्याची पायरी चढले नाहीत. तुरीत पडले तवा मी हाका मारल्या. ओ द्यायलेही दम नव्हता तुमच्यात.

आता भाऊजी तसाच पंप खिशात घेऊन फिरून राह्यले. म्हणतात, "वहिनी, दादा पास झालता. मी काय फेल होऊ?"

मी संग जाणार हाय. बर्फातल्या बंकरात रॉकेलची शेगडी पेटवून तुमी दोघं भाऊ किती हिवाळे धूर ओढत झोपले, ते तुमी डॉक्टरले सांगतलं नाही. मी सांगीन. पंप माह्या पिशवीत राहीन, हा माहा शब्द. पण त्याइनं घरूनच चोरून मारला तं मी काय करू? वहिनीले कोणता फौजी भेते?

तवा तुमी त्याइच्या सपनात जा. पास होऊन तुमाले काय भेटलं, ते तुमच्या तोंडानं सांगा. मले उत्तर रविवारच्या आत पायजे.

तुमची,
मंदा