‘या जागेवर वस्ती नाही’

कॅलगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया, ९ ऑगस्ट १९८१

विश्राम,

तू परत साइटवर गेलास आणि मागे ठेवलेला तुझा रिपोर्ट मी टाइप केला. नव्या सोन्याच्या खाणीची जागा, आणि खाली तुझं वाक्य: ‘या जागेवर वस्ती नाही.’

अरे, एल्सी तिथेच राहते ना? पत्र्याच्या चार घरांत सोळा माणसं आहेत. गाडी बंद पडली तेव्हा तिच्याच शेकोटीपाशी आपण चहा प्यायलो. ती म्हणाली होती, “पहिलं सोनं सापडलं तेव्हा माझ्या आजीला गोऱ्यांनी आमच्या पाणवठ्यावरून हाकललं. मग तुमचं हे शहर झालं.” तू मान हलवलीस. लिहिताना कुठे गेली ती माणसं?

आज एल्सी दवाखान्यात भेटली. म्हणाली, “तुझा नवरा भला आहे. आमची सगळ्यांची नावं लिहून घेतली त्याने.” मला तिच्याकडे बघवेना. तुझं ते वाक्य टाइप करताना माझाही हात थांबला नव्हता.

रिपोर्ट अजून घरातच आहे. ते पान मी फाडलंय. हे पत्र मात्र पाठवणार नाही. तू ते एकट्याने वाचशील आणि गप्प बसशील. शनिवारी घरी आलास की टाइपरायटरसमोर बसून मी एकेक नाव विचारणार आहे. तू सांगितलं नाहीस, तर एल्सी सांगेल.

श्यामला