लाल मोज्यांवर भागाकार

आई,

तुझ्या सायमीची इनारीहून खुशाली. नोकरी सोडायचं मी डोक्यातून काढलंय, तेव्हा आता शांत झोप.

इथे मुलं दाराशी बूट काढून मोज्यांवर वर्गात बसतात. मी मात्र सात वर्षं बूट घालूनच शिकवलं. काढले तर धाक जाईल, ही भीती. गेल्या महिन्यात बर्फात बूट भिजले, म्हणून तू विणलेले लाल मोजे घालून वर्गात गेले. तिसरीतली हिल्ला म्हणाली, "बाई, तुम्हालाही आई आहे?"

सगळे हसले, मीसुद्धा. मग जमिनीवर बसून भागाकार केले. भागाकार म्हटलं की रडणाऱ्या ओनीलाही जमले.

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

बूट केव्हाच वाळले. मोज्यांच्या टाचा मात्र फाटल्या आहेत. नवा जोड विणायला घे.

तुझीच,
सायमी