मॅडम रिटायर होणार, पण दारावर मी आहे

२ मार्च

बावीस वर्षं या हॉलचं लाकडी फ्लोअर मी पुसते, बास्केटबॉलमध्ये हवा मी भरते, मुलींचे घामट टी-शर्ट मी मोजून घेते, आणि मॅडम रिटायर होणार हे मला कळलं कुठून? नोटीस बोर्डावरून! तेही एकेक अक्षर लावत. शेजारी ऑफिसातला क्लार्क उभा होता. म्हणाला, आजी, तुम्हाला माहीतच नव्हतं? मेल्याचा चेहरा असा फुललेला, जणू स्वतःचंच प्रमोशन झालंय. मी म्हटलं, मला महिन्याभरापूर्वीच माहीत होतं, नोटीस सरळ लावलीय का तेवढं बघतेय.

असो. वही, तुला नमस्कार. तू मागच्या वर्षीचं स्कोअरबुक. अर्धी कोरी राहिलीस म्हणून घरी आणली. यात लिहिलेलं कुणी वाचायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण नजर डबल ग्रॅज्युएट.

आता मुद्दा. मुलींच्या टीमला मॅडम एकतीस वर्षं शिकवतात. ३१ तारखेला जाणार. तोवर नवी कोच मिळाली तर ठीक, नाहीतर टीम बंद, आणि हॉलमध्ये परीक्षेची बाकं. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलंय म्हणे. बारा मुली वाऱ्यावर. त्यातली एक माझी नात, टीमची कॅप्टन, पाठीवर चार नंबर.

मला वाटतं हे सगळं आधीच ठरलेलं आहे. कुणी ठरवलं ते शोधायचं.

संकल्प: कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. प्रेशरची गोळी वेळेवर घ्यायची.

४ मार्च

मॅडमना गाठलं. म्हटलं, जायचं तर जा, पण मला विचारायचं तरी. म्हणाल्या, तुम्हाला विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंत का? हे मात्र खरं. मग कोपऱ्यात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलत बसल्या. हळू! बाई पाणी मागते तेव्हाही पार्किंगमधली माणसं मागे वळून बघतात. काहीतरी शिजतंय.

या विचारात गोळी राहिली. दोष त्या फोनचा.

७ मार्च

माझी बामची ट्यूब गायब. सुनेला विचारलं. ती म्हणाली, आई, तुमच्या ट्यूबचं मी लोणचं घालू का? उत्तर उद्धट होतं, म्हणजे घेतली तिनंच. फ्रीजमधला बर्फाचा ट्रेही रोज रिकामा. या घरात एक तर दोन चोर आहेत, नाहीतर एकच आहे आणि दोन्ही हातांनी चोरतोय.

नातीचंही काही खरं दिसत नाही. कॉलेज चालत दहा मिनिटांवर, तरी हल्ली बसने जाते. बसमध्ये कोण भेटतं? विचारलं तर म्हणे, आजी, तू पोलिसात का नाही गेलीस? मी म्हटलं, उंची कमी पडली. विषय तिनं बदलला होता, हे जेवताना लक्षात आलं.

१० मार्च, सकाळी सात

सापडली!

वरच्या बाकावर एक बाई. काळं जॅकेट, केस आखूड, मांडीवर वही. मुली पळतात आणि ही लिहिते. मॅडम निवृत्तीच्या कागदांसाठी ऑफिसात. बरोबर तीच वेळ साधलेली. २४ तारखेला नदीपलीकडच्या कॉलेजशी मॅडमची शेवटची मॅच आहे. ही त्यांचीच हेर, दुसरं कोण असणार?

मॅडमचा जुना नियम आहे. मॅचच्या आधी बाहेरचं कुणी वही घेऊन बसलं तर हाकलायचं नाही, चहा द्यायचा, आणि खरं एक अक्षर सांगायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी असाच एक माणूस आला होता. त्याला मी सांगितलं, आमच्या उंच मुलीला ताप आहे. त्यांनी तिच्यावर पहारा ठेवला नाही, आणि तिनं एकटीनं बावीस पॉइंट केले. त्या मॅचचा जिंकलेला कप ऑफिसच्या कपाटात आहे. त्यावर माझं नाव नाही. कोरणाऱ्याची चूक.

म्हणून चहा घेऊन वर गेले. म्हटलं, बसा बसा, बघण्यासारखं काही नाही इथे. छप्पर गळतं, पावसात मुली बादल्या चुकवत खेळतात. सकाळच्या प्रॅक्टिसला निम्म्या येत नाहीत. येतात त्या एकमेकींच्या झिंज्या उपटतात. प्राचार्यांना खेळ म्हटलं की अर्धशिशी उठते. तिनं सगळं लिहून घेतलं. मग बोट दाखवून विचारलं, ती चार नंबर बरी खेळते. मी म्हटलं, ती? तिचा गुडघा कामातून गेलाय. उडी मारते ते सगळं नाटक. तिनं विचारलं, कुठला गुडघा? क्षणभर अडखळले, पण मी कसली ऐकतेय. म्हटलं, डावा.

तिनं त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

मॅडमना सांगितलं नाही. जाता जाता त्यांच्या डोक्याला ताप कशाला? जिंकल्यावर सांगीन.

१२ मार्च

परत आली. निर्लज्जच आहे. मॅडम आजही ऑफिसात. यावेळी ती लिहीत नव्हती, नुसती चार नंबरकडे बघत होती. मला खूण करून बोलावलं. गुडघा कधीपासून? मी म्हटलं, थंडीपासून. डॉक्टरला दाखवलं का? मी म्हटलं, छे, आमच्या मॅडम दाखवू देतील तर ना. त्यांना मॅच जिंकण्याशी मतलब.

हे ऐकून ती खांदे पाडून उठली. चहा तसाच ठेवला आणि गेली. मी हेर पुष्कळ पाहिले, पण एवढी पार कोसळलेली हेर पाहिली नाही.

कप विसळताना एकटीच हसत होते. सहा नंबरनं विचारलं, आजी, काय झालं? म्हटलं, तुमची मॅच मी जिंकून ठेवलीय, तुम्ही फक्त खेळून घ्या.

१३ मार्च

नात जिना उतरत होती. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी म्हटलं, वरमाई असल्यासारखी काय उतरतेस? म्हणाली, फोन बघत होते. हातात फोन नव्हता.

म्हणजे खोटं बोलते. म्हणजे भानगड आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

बामची नवी ट्यूब आणली. उशीखाली ठेवली.

१६ मार्च

बसस्टॉपवर पाळत ठेवली. झाडामागे पाऊण तास. माझी कंबर गेली, पण तिचा तो बसमधला मुलगा आलाच नाही. नात एकटीच बसली होती, एक पाय बाकावर लांब करून. एका म्हातारबुवांना बसायचं होतं तर त्यांना सॉरी म्हणाली, पण पाय काढला नाही. ही आमच्या घरची शिकवण नव्हे. त्याच्यासाठी जागा धरली असणार. मला बघून तो पळाला.

उशीखालची ट्यूब गायब. सुनेशी बोलणं बंद केलं. तिला अजून कळलेलं नाही.

१९ मार्च

मॅडम प्रॅक्टिसला आल्या, पण शिट्टी एकदाही वाजवली नाही. क्लार्कनं सांगितलं की ज्या बाईंवर भिस्त होती त्यांनी काल नकार कळवला. स्वतः चांगल्या खेळाडू होत्या, दोन कॉलेजांच्या टीम उभ्या केलेल्या. आता बारा दिवसांत दुसरी कोण मिळणार? प्राचार्यांनी बाकांची यादीसुद्धा मागवली.

मी मॅडमना धीर दिला. म्हटलं, जाऊ द्या हो, बघितल्याशिवाय नाही म्हणणारी बाई आपल्या काय कामाची? मॅडम म्हणाल्या, बघून गेली ती. दोनदा. मीच म्हटलं होतं, मी नसताना ये, कुणाला सांगू नको, म्हणजे मुली खऱ्या कशा आहेत ते दिसेल. मी म्हटलं, शक्य नाही, दारावर मी असते. मॅडम म्हणाल्या, आखूड केस, काळं जॅकेट.

मी बॉलच्या खोलीत गेले. सगळ्या बॉलमध्ये हवा होती. पुन्हा भरली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. दोष मॅडमचा, मला विश्वासात घेतलं नाही. दोष त्या बाईचा, वही कशाला आणायची? कोच आहे तर लक्षात ठेवता यायला हवं. दोष क्लार्कचा, कसा ते नंतर लिहीन. सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्या वाट्याला काही उरलं नाही.

तरी जेवण गेलं नाही. गोळी दोनदा घेतली, असं वाटतं.

२१ मार्च

नातीला म्हटलं, समज, एका बाईनं एका बाईला चुकून काही सांगितलं, तर? ती म्हणाली, आजी, वहीवालीला तू काय काय सांगितलंस?

ही कुणावर गेलीय कोण जाणे.

सांगितलं. छपराचं ऐकून हसली. झिंज्यांचं ऐकून जोरात हसली, सुनेनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. गुडघ्याचं ऐकल्यावर हसू थांबलं. विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, मला कोण सांगणार, माझ्या मनानंच घातलं. मग विचारलं, आणि डावा? तोही मनानंच?

तोही मनानंच, म्हटलं.

तिनं फोन उचलला. मग मॅडमकडून त्या बाईंचा नंबर घेतला आणि दार लावून अर्धा तास बोलली. दाराला कान लावला. मुलगी आतून म्हणाली, आजी, सावली दिसतेय.

२४ मार्च, मॅचनंतर

वहीवाली आली होती. खालच्या बाकावर, मॅडमच्या शेजारी. नात बेंचवर. चार नंबरचा टी-शर्ट घालून, नुसती बसलेली! मी तशीच मॅडमकडे गेले. म्हटलं, शेवटच्या मॅचला कॅप्टनला बसवता, लाज नाही वाटत? मॅडम म्हणाल्या, तिनं परवा येऊन सांगितलं. डावा गुडघा तीन महिन्यांपासून सुजतोय. बाम चोळून, बर्फ लावून खेळत होती. टीम बंद पडायच्या बेतात असताना कॅप्टननंच बसायचं कसं, म्हणून कुणाला बोलली नाही.

मी म्हटलं, माझ्या घरात असं काही झालं असतं तर मला दिसलं असतं.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी ओरडायला हवं होतं.

सहा पॉइंटनी हरलो. मॅच संपल्यावर वहीवाली माझ्यापाशी आली. मला आजी अशी हाक मारली. म्हणाली, तुमच्या छपराखाली दोन दिवस बसले, ओलीचा डागसुद्धा नाही. सहाच्या ठोक्याला अकरा मुली हजर, बारावी बसमधून उतरत होती. तुमचं सगळं खोटं आहे हे मला पहिला चहा संपायच्या आत कळलं. पण मुलगी उडी मारून उजव्या पायावरच उतरत होती, ते खरं होतं. दुखणं लपवून मुलीला खेळवणाऱ्या टीममध्ये मला यायचं नव्हतं. म्हणून नाही म्हटलं. तिनं फोन करून सांगितलं, लपवलं मीच, मॅडमना माहीत नव्हतं, आजीलाही नाही. तेव्हा आले.

मी म्हटलं, मग आता? म्हणाली, एक वर्ष बघते. पण ही मुलगी डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय फ्लोअरवर उतरणार नाही. मला अट मान्य आहे का ते तिनं विचारलं नाही, तरी मी मान्य केली.

२५ मार्च

सुनेशी बोलणं सुरू केलं. ती म्हणाली, बंद होतं का?

३१ मार्च

मॅडम गेल्या. प्राचार्यांचं भाषण चाळीस मिनिटं, त्यात दोनदा व्हॉलीबॉल म्हणाले. मुली खाली बघून हसत होत्या. मॅडमनी उठून फक्त एवढंच सांगितलं की टीम चालू राहतेय, आता मला जाऊ द्या, पाय दुखायला लागले. मुलींची रडारड. मी रडले नाही. टीम माझ्यामुळे वाचली असंही म्हणता येईल. माझ्या बोलण्यावरूनच तर गुडघा उघडकीला आला. हे मी क्लार्कला समजावून सांगितलं. त्यानं फाइल उघडून त्यात तोंड घातलं.

नात घरी येताना माझा दंड धरून चालली. आम्ही थांबत थांबत आलो. दहा मिनिटांचा रस्ता, पंचवीस लागली. एवढा लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

१ एप्रिल, झोपण्याआधी

उद्या साडेनऊला डॉक्टर. मी, सून, नात, तिघी जाणार. डॉक्टर तीन गोष्टी विचारणार, मला ही माणसं माहीत आहेत. कुठे दुखतं? कधीपासून दुखतं? आणि एवढे दिवस घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नातीनं द्यायची, आणि खरी द्यायची. मी मधे बोलणार नाही.

तिसऱ्याचं सुनेनं द्यायचं.