पाठ करून बसले

तीर्थरूप आत्याबाईंस,

तुमाला जाऊन लई वरसं झाली. हे पत्र टाकू कुठं? पण ही गंमत तुमालाच सांगायची हाय.

आपल्या उसाच्या कडंला एक बुजरं मांजर ऱ्हातंय. डुकरांसाठी लावलेल्या तारेचा फास त्याच्या पायात रुतला. बारामतीच्या डॉक्टरकडं न्यायचं, तर आधी पिंजऱ्यात यायला पायजे. तुमचा नातू दीपक आन त्याची बायकू पिंजऱ्याकडं टक लावून बसायची. मग ते कशाला येतंय! दीपक म्हणाला, "आई, सोड नाद. न्हाय वाचत ते."

मी म्हणलं, "तुमी उठा हितनं. त्याचा पाय सुटल्याबिगर मी उठत न्हाय."

मी नवी नवरी अंथुर्ण्याला तुमच्या घरी आले तवा लाजंनं घास गिळंना. तुमी चुलीकडं तोंड करून बसायच्या, आन माझ्या बांगड्या वाजल्या की वळखायच्या, पोर जेवतीया.

तसंच केलं. भिगवणचा मासा पिंजऱ्यात ठेवला, दाराची दोरी हातात धरली आन पाठ करून बसले. कंबर मोडून आली, पर वळले न्हाय. उन्हं उतरली तवा मागं माशाचं काटं मोडल्याचा आवाज आला. ओढली दोरी!

डॉक्टरनं फास काढला, पाय वाचला. काल सोडलं, तर लंगडत उसात पळालं. आज मासा ठेवून मी पुन्हा पाठ करून बसले, तर तुकडा तोंडात धरून ते माझ्या म्होरं आलं आन तितंच बसून जेवलं.

मीबी एक दिवस ताट उचलून तुमच्या म्होरं आले हुते. आठवतंय न्हवं?

तुमची, आता पोटभर जेवणारी सून,
कुशाबाई