उतरवलेली वही

महेश्वरी,

परंड्याच्या वाचनालयात पुस्तकं परत द्यायला जातोय. दूध तापवून ठेवलं आहे.

समोर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितो. तुझ्या सासूबाई गेल्या, मी एकटा पडलो, तेव्हा तू वही दिलीस. म्हणालीस, “मामा, रोज चांगलं दिसंल ते एक तरी लिवा.” मला काहीच दिसेना. मी पुस्तकांतली वाक्यं उतरवत गेलो. तू ती शेजारणीला कौतुकानं वाचून दाखवलीस, तेव्हाही गप्प बसलो. माफ कर.

आज भाकरीवर तुझ्या बोटांचे ठसे दिसले. आनंद असा झाला नाही, पण बराच वेळ भाकरी मोडली नाही. हे कुठं वाचलेलं नाही. लिहिण्याजोगं आहे का, ते तूच सांग.

मामा