उंद्रीच्या ठरावातले राहिलेले अर्धे वाक्य

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
आशियाई हरित विकास भागीदारी कक्ष, बुलढाणा.

विषय : मौजे उंद्री येथील ठरावाच्या इंग्रजी भाषांतरात माझ्याकडून गळालेले अर्धे वाक्य करारापूर्वी समाविष्ट करणेबाबत.
संदर्भ : माझे दि. ६ व २० जानेवारीचे अर्ज (दोन्ही परत आलेले).

महोदय,

मी उंद्रीच्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल आहे. तीन देशांच्या भागीदारीतून आमच्या ई-क्लास, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनीवर सौरप्रकल्प होणार आहे. परदेशी पाहुण्यांसाठी ग्रामसभेचा ठराव इंग्रजीत करून देण्याचे काम, दुसरे कोणी न सापडल्याने, माझ्याकडे आले.

सभेत श्रीमती गोजरबाई म्हणाल्या होत्या, "जमीन पडीत हाये, पन रिकामी नाही. आमच्या बकऱ्या तिच्यावरच जगतेत." ठरावात ते जसेच्या तसे आहे. मला मात्र ते परस्परविरोधी वाटले. कोशात पाहून मी 'वेस्टलँड' एवढेच लिहिले व पुढचे गाळले. त्यावरून नकाशात सबंध जमीन 'वापर नाही' अशी दाखवली गेली आणि चारही बाजूंनी कुंपण मंजूर झाले. बकऱ्यांना वाटही उरली नाही.

पहिला अर्ज परत आला, कारण भाषांतरावर माझे नाव नव्हते. ते खरे आहे. संकोचाने मी लिहिले नव्हते. दुसऱ्यावर शेरा मिळाला की, इंग्रजीत व्याकरणाची चूक आढळत नाही.

सौरविजेला माझा विरोध नाही. विरोध करण्याइतका मी जाणकारही नाही. पण कराराचा हाच मसुदा नमुना म्हणून व्हिएतनामलाही जाणार असल्याचे समजते. तिथल्या पडीत जमिनीवरही कोणी काही चारत असेल, ही शंका मला सोडत नाही. त्यांची भाषा मला येत नाही, म्हणून आपणांस कळवीत आहे.

काल गोजरबाई वाचनालयाच्या पायरीशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमी इतकी पुस्तकं वाचली, मंग माहं अर्धं बोलनं कुठी ठेवलं?" त्याच पायरीवर बसून मी हा अर्ज लिहायला घेतला.

तरी शुक्रवारी सह्या होण्यापूर्वी दुरुस्ती व्हावी व चराईपुरती जमीन कुंपणाबाहेर राहावी, ही विनंती. या वेळी भाषांतराखाली मी नाव लिहिले आहे.

आपला नम्र, परंतु या खेपेस अर्ज परत न घेणारा,
वैजनाथ नारायण सोनटक्के
उंद्री, ता. चिखली
दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. दुरुस्त भाषांतर, माझ्या सहीचे.
२. भाषांतराबद्दल मिळालेले प्रशस्तिपत्र, परत.
३. राहिलेले अर्धे वाक्य, गोजरबाईंच्या अंगठ्यासह.