आबांचं वजन आणि गच्चीवरचे पापड

७ एप्रिल, सोमवार, सकाळी ६.१०
आबांचं वजन ७८.२. लिव्हर सिरोसिस, पोटात पाणी. जळगावच्या डॉक्टरांनी बजावलंय: दोन आठवड्यांत दोन किलो उतरलं तर ठीक, नाहीतर सुई घालून पाणी काढावं लागेल. आबांना सुईची भीती. इन्सुलिन घेतानाही भिंतीकडे बघतात. मी दीपनगरच्या वीज केंद्रात उपकरणं तपासते. दोन किलो म्हणजे किरकोळ काम. मिठाने पाणी साठतं, म्हणून मिठाचा डबा कपाटात, किल्ली माझ्याकडे.

८ एप्रिल
शेजारच्या झुंबरबाई, मूळच्या पारोळ्याच्या, भेटायला आल्या. लिव्हर दारूनेच जातं, आबा गुपचूप घेत असतील, असं त्यांचं मत. आबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. मधुमेह आणि लिव्हरवरची चरबी ही कारणं. आकृती काढून समजावलं. बठ्ठं खरं शे माय, म्हणाल्या, पन मना पापडस्नी राखण कोन करी?
आबांना गच्चीवर त्यांच्या पापडांच्या राखणीला बसवलं. कोवळं ऊन, मोकळी हवा, हलकं काम. एका निर्णयात तीन फायदे.

११ एप्रिल
७९.०. काटा बिघडला. ऑफिसातून वीस किलोचं प्रमाणित वजन आणून तपासला. चूक शून्य. म्हणजे फरशी तिरकी. काटा देवघरात हलवला.

१३ एप्रिल
देवघरातही ७९.९. झुंबरबाईंची तक्रार: पापड कमी भरतात, कच्च्या लाट्याही. कावळे, असं मी सांगितलं. कावळे लाट्या तेलात बुडवून खातात का, असं त्यांनी विचारलं. पक्षी हा माझा विषय नाही.

१५ एप्रिल
आबांना सरळ विचारलं. त्यांना आज वार कोणता हेच आठवेना. मला बहीण समजून अक्का म्हणाले. या आजारात विष डोक्यात चढून माणूस भ्रमतो. डॉक्टरांना फोन केला; त्यांनी पोट साफ होण्याचं औषध वाढवलं. संध्याकाळपर्यंत सहा फेऱ्या. सातव्या वेळी दारातूनच वार सांगितला. औषध लागू. आईच्या मते मॅचचा स्कोअर त्यांना दिवसभर आठवत होता. आईला वैद्यकातलं कळत नाही.

१८ एप्रिल
८१.४. बहुधा हवेतला दमटपणा. आबांनी राखणीचा एक तास वाढवून मागितला. कामाची गोडी लागणं हे सुधारणेचं लक्षण. मंजूर.

२१ एप्रिल, जळगाव
८२.६. डॉक्टरांनी माझा तक्ता दोनदा पाहिला. नोंदी उत्तम आहेत, म्हणाले. मग मीठ कुठून मिळालं ते आबांना विचारलं. आबांनी बिनचूक सांगितलं: रोज नऊ पापड, चार लाट्या; रविवारी पाच. राखणीला कोणी बसवलं, असं डॉक्टरांनी विचारलं. पोरीनं, आबा म्हणाले, पण तिला बोलू नका, तिचा काटा बरोबर होता.
सहा लिटर पाणी निघालं. सुई आत जाताना आबांनी माझा हात इतका घट्ट धरला की वेळ नोंदता आली नाही.